पाणी ओसरल्यावर शाळा भरते कशी?

भीमेच्या पुराची एक खोड गाणगापूरच्या पंचक्रोशीतल्या माणसांना पक्की ठाऊक आहे. अंगणात कडक ऊन पडलेले असते, गावात आठ दिवसांत थेंब पडलेला नसतो, आणि नदी मात्र चढत असते. पाऊस झालेला असतो पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर. तो उजनीत साठतो, धरण भरत आले की दरवाजे उघडतात. खाली नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, पंढरपूरचे घाट बुडतात, हत्तरसंग-कुडलजवळ सीनेची भर पडते, आणि मग हा सगळा लोंढा अफजलपूर तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात शिरतो. तिथे सोन्नचे बॅरेज, पुढे घत्तरगी, मग गाणगापूर. दत्तभक्त ज्या भीमा-अमरजा संगमावर स्नानाला उतरतात, तिथे अशा दिवशी पायऱ्याही दिसत नाहीत आणि आसपासचे पूल पाण्याखाली जातात.

अशा दिवशी नदीकाठच्या एखाद्या शाळेची घंटा झालेली असते. मुले प्रार्थनेला उभी असतात. निम्मी मुले याच गावची, उरलेली ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून आलेली. हेडमास्तरांच्या खिशातला फोन वाजतो. आता काय करायचे? मुलांना घरी सोडायचे की शाळेतच ठेवायचे? ते ठरवायचे कोणी? शाळेच्या किल्ल्या कोणाला द्यायच्या, तांदूळ कुठे हलवायचा आणि पुन्हा वर्ग कधी भरवायचा? बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या दोन जिल्ह्यांत ही उत्तरे कशी शोधली जातात आणि त्यातले कुठले दुवे कच्चे आहेत, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. मराठी वाचकाला हे परके नाही. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. भाषावार रचनेत ते मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले, बीदर म्हैसूर राज्यात गेले, पण भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या भागांत मराठी बोलणारी घरे आणि मराठी माध्यमाच्या शाळा राहिल्या. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात, असे इथे घरोघरी आहे.

आधी माणसे ओळखून घेऊ. महाराष्ट्रात ज्यांना आपण गटशिक्षणाधिकारी म्हणतो ते इथे बीईओ, म्हणजे क्षेत्र शिक्षणाधिकारी. केंद्रप्रमुखाच्या जागी सीआरपी. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या जागी डीडीपीआय, सार्वजनिक शिक्षण खात्याचे उपनिर्देशक. शाळा व्यवस्थापन समितीला एसडीएमसी म्हणतात. जिल्हाधिकाऱ्यांना सगळे डीसी म्हणतात, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. जिल्हा पंचायतीचे सीईओ वेगळे. म्हणजे आपत्तीच्या दिवशी बीईओला दोन दिशांनी फोन येतात. डीसींच्या बाजूने तहसीलदार इमारती आणि माणसे मागतात. सीईओ आणि डीडीपीआय यांना शाळांची माहिती हवी असते. यात शाळेचा विचार शाळा म्हणून करणारा माणूस तालुक्यात एकच, तो म्हणजे बीईओ, आणि त्याच्याकडे ना होड्या असतात ना निधी. त्याच्याकडे असतात शिक्षक, इमारती आणि मुलांची नावे. या तीन गोष्टींच्या बळावरच त्याला सगळे निभवायचे असते.

इशारा कुठून येतो? कर्नाटकाची यंत्रणा या बाबतीत चांगली आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. राज्याचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र १९८८ साली दुष्काळाच्या अभ्यासासाठी सुरू झाले आणि आज त्याची स्वयंचलित पर्जन्यमापके ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचली आहेत. विजेचा इशारा देणारे ‘सिडिलू’ हे ॲप त्याच केंद्राचे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ही चालते. केंद्रीय जल आयोग मांजरेवर भालकी तालुक्यातल्या सायगावला आणि कागिणा नदीवर मळखेडला पाण्याची पातळी मोजतो. पण गावात पडणारा पाऊस मोजून भीमेचा पूर कळत नाही, आणि मांजरेचाही पूर्ण कळत नाही. मांजरा बीडच्या बालाघाटात उगवते, धनेगावचे धरण ओलांडते, वाटेत तेरणा घेऊन बीदरला येते. वरच्या धरणातून किती क्युसेक सोडले ही बातमी सोलापूर, लातूर, धाराशिवच्या कचेऱ्यांतून निघते, मराठीत निघते, आणि पुष्कळदा सरकारी पत्राआधी पै-पाहुण्यांच्या फोनवर पोहोचते. ‘दरवाजे उघडलेत, सांभाळून राहा,’ असा मामाचा फोन शाळेतल्या एखाद्या बाईंना येतो. जाणता बीईओ या फोनला अफवा म्हणत नाही. तो तहसील कचेरीत विचारून खात्री करतो आणि नदीकाठच्या शाळांना लगेच कळवतो. धरणापासून बॅरेजपर्यंत पाणी यायला जो वेळ लागतो, तेवढीच त्याला मिळालेली सवड असते.

सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार डीसींचा. अतिवृष्टीचा लाल इशारा आला की जिल्ह्यातल्या किंवा ठरावीक तालुक्यांतल्या शाळा आणि अंगणवाड्यांना सुट्टीचा आदेश निघतो. तो रात्री निघाला तर उत्तम. सकाळी सातला निघाला तर अडचण, कारण तोवर तांड्यावरची मुले चालायला लागलेली असतात. चिंचोळी, कमलापूर, औराद या तालुक्यांत लमाणी तांडे पुष्कळ आहेत. माध्यमिक शाळेची मुले-मुली दुसऱ्या गावाहून बसने येतात आणि रस्ता वाहून गेला की बस सर्वांत आधी बंद होते. म्हणून सुट्टीचा आदेश हा कामाचा अगदी छोटा भाग आहे. खरा प्रश्न, शाळा भरलेली असताना पाणी आले तर काय.

इथे एक चूक फार सहज घडते. घाबरून शाळा सोडून दिली जाते. हेडमास्तरांना वाटते, मुले आईबापांकडे पोहोचली की आपण सुटलो. पण शाळा आणि तांडा यांच्या मध्ये ओढा असेल, तर सगळ्यांत धोक्याची जागा तीच, आणि आपण मुलांना नेमके तिकडे पाठवतो. शाळेची इमारत उंचावर आणि पक्की असेल, तर मुलांना तिथेच ठेवणे, जेवू घालणे आणि पालकांना निरोप देणे हे जास्त शहाणपणाचे. कुठल्या मुलाला घरी जाताना कुठला ओढा लागतो, कुठला पूल लागतो, याची यादी प्रत्येक वर्गशिक्षकाजवळ जून महिन्यातच तयार हवी. ती करायला एक तास पुरतो. पुराच्या दिवशी तो तास मिळत नाही.

आणि ठरवायचे कोणी, याचे उत्तरही आधीच लिहिलेले हवे. जपानमधली एक घटना या संदर्भात प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला तेव्हा इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेची मुले शिस्तीत मैदानावर आली. शाळेच्या मागेच टेकडी होती. पण कुठे जायचे याबद्दल शिक्षकांचा निर्णय होईना. शाळेच्या आराखड्यात त्सुनामीच्या वेळी जाण्याची नेमकी जागा लिहिलेली नव्हती. सुमारे ५० मिनिटे मुले मैदानावर थांबली आणि मग लाट आली. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पुढे २०१८ साली सेंदाईच्या उच्च न्यायालयाने ठपका ठेवला तो त्या दिवशीच्या गोंधळापेक्षा आधीच्या तयारीवर. शाळा आणि शहराचे शिक्षण मंडळ, दोघांनीही आराखडा नीट केला नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. भीमेचा पूर त्सुनामीसारखा मिनिटांत येत नाही, हे खरे. तरी ‘वरून आदेश येऊ द्या’ म्हणून थांबणे दोन्हीकडे सारखेच. माझे स्पष्ट मत आहे की ओढ्या-नदीकाठच्या प्रत्येक हेडमास्तराला बीईओने जून महिन्यातच लेखी कळवावे: वर्ग बंद करण्याचा आणि मुलांना थांबवून ठेवण्याचा निर्णय तुम्ही घ्या, मला नंतर सांगा, त्याबद्दल तुम्हाला जाब विचारला जाणार नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ च्या फेब्रुवारीत शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रत्येक शाळेचा स्वतःचा आराखडा असावा, हे त्यात आहेच. आराखड्याच्या पहिल्या पानावर ही एक ओळ असली, तर पुढची पाने उपयोगी पडतील.

पाणी गावात शिरले की शाळेचे रूप बदलते. तहसीलदार शाळेचा ताबा मागतात आणि तिथे निवारा केंद्र उघडते. कर्नाटकात त्याला ‘काळजी केंद्र’ म्हणतात. कानडी आणि मराठी दोन्हींत काळजी हा शब्द एकच, अर्थही एकच. सीमेवरच्या माणसाला त्याचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. शाळाच का निवडतात, हेही उघड आहे. गावात एवढ्या खोल्या, पाणी, संडास, मोकळे पटांगण आणि स्वयंपाकघर एकत्र असलेली दुसरी जागा नसते. मुलांच्या दुपारच्या जेवणाच्या योजनेला इथे ‘अक्षर दासोह’ म्हणतात. दासोह, म्हणजे सेवाभावाने सर्वांना घातलेले अन्न, हा लिंगायत शरणांच्या परंपरेतला शब्द, आणि बसवण्णांचे कल्याण याच बीदर जिल्ह्यात आहे. पुराच्या दिवसांत त्या चुलीवर साऱ्या गावाचा भात शिजतो, तेव्हा तो शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत गेल्यासारखा वाटतो.

पण इथेच हेडमास्तरांना दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. तांदूळ, तूरडाळ, दुधाची भुकटी हा साठा मुलांच्या नावाचा असतो. तो पूरग्रस्तांसाठी वापरला तर बिघडत नाही, वापरलाच पाहिजे, मात्र किती घेतला याची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी आणि तहसील कचेरीकडून तो भरून मिळायला हवा. नोंद करायची राहून गेली तर शाळा पुन्हा सुरू होते त्या दिवशी कोठार रिकामे असते. पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरी चूल धड पेटत नसते, आणि त्याच आठवड्यात शाळेत जेवण नसेल तर मूल शाळेत येत नाही. भिजलेल्या तांदळाचेही तसेच. तो वाळवून वापरण्याचा मोह होतो. त्याचा पंचनामा करून तो बाद करणे आणि नवा मागवणे, एवढाच मार्ग आहे.

ताबा देतानाही एक कागद करावा. किती खोल्या दिल्या, किती बाकडी, किती पंखे, कोणत्या तारखेला. आणि परत कधी मिळणार. एक खोली मात्र देऊ नये. तिथे प्रवेशाचे रजिस्टर, हजेरीपट, दाखल्यांची पुस्तके, क्रमिक पुस्तके ठेवून कुलूप लावावे, आणि रजिस्टरे कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात असावीत. हे किरकोळ वाटेल. पण गावातल्या कित्येक माणसांची जन्मतारीख आणि जात यांची सर्वांत जुनी लेखी नोंद शाळेच्या रजिस्टरातच असते. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची पिवळी पडलेली रजिस्टरे बाहेर निघाली आणि त्यांची किंमत सगळ्यांना कळली. अशी वही एकदा भिजून लगदा झाली की ती कोणालाही परत लिहिता येत नाही. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून बीईओ कार्यालयात ठेवणे आज एका मोबाईलवर होते.

शिक्षकांचे काय होते? शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे देण्यास मनाई केली, पण तीन अपवाद ठेवले: दर दहा वर्षांची जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतील मदतकार्य. म्हणजे पुराच्या दिवसांत शिक्षकाला काळजी केंद्रावर नेमणे पूर्ण कायदेशीर आहे. तिथे कोण आले, कोणाला ताप आहे, कोणाचे बाळ तान्हे आहे, हे नावानिशी जाणणारा सरकारी माणूस शिक्षकच असतो. फक्त नेमणुकीला शेवटची तारीख हवी. केंद्र बंद होऊनही शिक्षक याद्या आणि पंचनाम्यांतच अडकून पडले, तर इमारत मोकळी होते आणि वर्ग रिकामाच राहतो. २०२५ साली हे फार जाणवले. सप्टेंबरच्या अखेरीस भीमा, मांजरा, कागिणा एकदम फुगल्या, ३० सप्टेंबरला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कलबुर्गी, बीदर, यादगीर आणि विजयपूर या जिल्ह्यांची हवाई पाहणी केली. त्याच वेळी २२ सप्टेंबरपासून राज्यभर सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू होते आणि घरोघरी जाणारे गणक होते शिक्षक. सर्वेक्षण लांबले म्हणून दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढली. पूर, सर्वेक्षण आणि शाळा, तिन्ही कामे एकाच माणसाच्या अंगावर आली. अशा वेळी सर्वेक्षणातून कोणाला मोकळे करायचे, हे गावागावांतली स्थिती पाहून तालुक्यातच ठरायला हवे.

आता सर्वांत किचकट भाग. पाणी ओसरते, माणसे घरी परततात, बातम्या संपतात. शाळेचे खरे काम इथून सुरू होते. पहिल्या दिवशी वर्गात गुडघाभर गाळ असतो. गाळात विंचू-साप असतात, म्हणून मुलांना साफसफाईला लावायचे नाही. बेंचखाली हात घालून चिखल उपसायचे काम मोठ्यांचे, ग्रामपंचायतीचे. पाण्याची टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीन घालून पुन्हा भरायची. संडासाच्या खड्ड्यात पाणी गेले असेल तर तो उपसल्याशिवाय वापरायचा नाही. विजेच्या तारा तपासून घेतल्याशिवाय बटण दाबायचे नाही. यातले काही सुटले तर पुढच्या पंधरवड्यात जुलाब-उलट्यांनी वर्ग ओस पडतो.

मग इमारत. या दोन्ही जिल्ह्यांत काळी माती आहे आणि ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. पुरात भिजलेली भिंत त्या दिवशी ठीक दिसते आणि महिन्याभराने, माती वाळायला लागली की, कोपऱ्यातून फाटते. जुन्या खोल्यांची छतेही वेगळी. महाराष्ट्रातल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे, ती याच कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. इथे जुन्या बांधकामात ती छतालाही टाकलेली आढळते. खालची भिंत सरकली तर वरची फरशी सरळ खाली येते. म्हणून अभियंत्याने एकदा पाहून ‘ठीक’ लिहिणे पुरत नाही. पाणी गेल्यावर एकदा आणि माती वाळल्यावर पुन्हा एकदा, अशी दोनदा तपासणी हवी. धोक्याच्या खोलीला नुसता खडूने फुलीचा शेरा मारून चालत नाही, कुलूप आणि काटेरी फांद्या हव्यात, कारण मधल्या सुट्टीत मुले नेमकी तिथेच लपाछपी खेळतात.

खोल्या कमी पडल्या तर बीईओपुढे चार-दोनच वाटा असतात. सकाळ-दुपार अशा दोन पाळ्या करणे. समुदाय भवनात किंवा देवळाच्या ओवरीत वर्ग बसवणे. शेजारच्या गावातल्या शाळेत तात्पुरती सोय लावणे. यातली शेवटची वाट नकाशावर सोपी दिसते. प्रत्यक्षात शेजारच्या गावाला जायचा रस्ताच तुटलेला असतो, आणि मुलींना रोज दोन-तीन किलोमीटर पाठवायला आईबाप तयार नसतात. पहिल्या दोन वाटांत मूल गावातच राहते. मला त्या बऱ्या वाटतात.

पैशाची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. राज्य आपत्ती निधीच्या २०१५ च्या निकषांत पडझड झालेल्या प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला जास्तीत जास्त दीड लाख रुपये धरले होते, आणि माध्यमिक-उच्च माध्यमिक शाळा त्या यादीतच नव्हत्या. पुढे प्राथमिक शाळेसाठीची रक्कम दोन लाखांपर्यंत गेली. एवढ्यात छपराची डागडुजी, रंगरंगोटी आणि एखादी भिंत होते, खोली होत नाही. नवी खोली हवी तर दुसरीकडे जावे लागते: समग्र शिक्षा, जिल्हा पंचायत, किंवा कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ. ३७१-जे या घटनात्मक तरतुदीमुळे या मागास भागासाठी हे मंडळ आहे, आणि सीमेच्या पलीकडे मराठवाड्याला हेवा वाटावा अशी ती सोय आहे. पण प्रत्येक दारावर वेगळा कागद लागतो. म्हणून पाणी ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात हेडमास्तरांनी केलेला नुकसानीचा अहवाल इतका मोलाचा ठरतो. शाळेचा यू-डायस क्रमांक, प्रत्येक खोलीचे छायाचित्र, भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली तिची फुटांत उंची, भिजलेल्या वस्तूंची यादी, तारीख आणि पंचांच्या सह्या. भिंतीवरची रेघ पुढे चुन्याने झाकली जाते. तिच्याशेजारी ऑइल पेंटने साल लिहून ठेवले तर पुढच्या हेडमास्तराला रजिस्टरे कुठल्या कप्प्यात ठेवायची ते न विचारता कळेल.

भिजलेली पुस्तके हा मराठी माध्यमाच्या शाळांचा जास्तीचा त्रास. कानडी पुस्तके कमी पडली तर शेजारच्या दहा शाळांतून गोळा करता येतात. कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची मराठी पुस्तके मात्र मराठी शाळांतच असणार, आणि नदीकाठच्या अशा दोन-तीन शाळा एकदम भिजल्या तर तालुक्यात जास्तीची प्रत मिळणे कठीण. लातूरहून पुस्तके आणून चालत नाहीत, अभ्यासक्रम वेगळा आहे. दरवर्षी निकाल लागल्यावर वरच्या वर्गात गेलेल्या मुलांकडून जुनी पुस्तके परत घेऊन तालुक्याच्या साधन केंद्रात उंचावर ठेवली, तर हा प्रश्न फुकटात सुटतो.

बुडालेले दिवस भरून काढण्याचेही गणित आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस आहेत. शनिवारची अर्धी शाळा पूर्ण करायची, सुट्टीतले काही दिवस घ्यायचे, असे ते जुळवतात. कागदावर दिवस भरतात. पण २०२० ने एक वेगळीच गोष्ट दाखवली. बंगालच्या उपसागरातले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र १३ ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आले आणि तेलंगण ओलांडून कलबुर्गी-बीदरवरून सोलापूरकडे सरकले. भीमेला अलीकडच्या आठवणीतला मोठा पूर आला. शाळा कोरोनामुळे आधीच बंद होत्या. गल्लीत, झाडाखाली मुलांना शिकवण्याचा ‘विद्यागम’ हा उपक्रमही त्याच महिन्यात थांबवला होता. शाळाच बंद असल्यामुळे पुराने किती दिवस बुडाले ते कोणी मोजलेच नाही. जे मोजले जात नाही त्याची भरपाई होत नाही, म्हणून माझा आग्रह असा, की बीईओने दिवसांबरोबर मुलेही मोजावीत. पुरापूर्वी पटावर किती होती, शाळा उघडली त्या दिवशी किती आली, महिन्याने किती. जी आली नाहीत त्यांच्या घरी सीआरपीने जायचे.

शाळा पुन्हा भरवण्याचा हा प्रश्न फक्त पुराचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसे गेली, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावेच्या गावे पडली आणि हादरे आळंद-बसवकल्याणपर्यंत बसले. त्याआधी हा परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या वेळी भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली, ते काम मोठेच होते. पण बहुसंख्य मुले गावीच राहतात आणि त्यांना परत त्याच भिंतींमध्ये बसायचे असते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिंचोळी तालुक्यातल्या गडिकेश्वर परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले, धक्के बसले, लोक भीतीने रात्री उघड्यावर झोपले आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन आले. असे धक्के छोटे असतात, भिंती बहुधा टिकतात, झोप मात्र उडते. अशा गावातल्या शाळेने काही दिवस झाडाखाली वर्ग भरवावा, मुलांकडून टेबलाखाली बसून डोके झाकण्याचा सराव रोज खेळासारखा करून घ्यावा, आणि बाहेर पडण्याच्या दारातली सायकल, बादली, मोडके बाकडे हलवावे. दुसरा उपाय आजही कोणाकडे नाही.

आणि दुष्काळ. तो घंटा वाजवून येत नाही, म्हणून शिक्षणाधिकाऱ्याच्या आपत्ती-फायलीत सहसा नसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, कारण मांजरेचे धरण कोरडे पडले होते. तीच मांजरा खाली बीदरला जाते. अशा वर्षी मुले वाहून जात नाहीत, हळूहळू गळतात. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबई-हैदराबादच्या बांधकामांवर आईबाप निघाले की मूलही निघते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये सांगितले आहे की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतले जेवण चालू ठेवावे. ते चालू राहिले, हंगामी वसतिगृह मिळाले, तर आजी-आजोबांजवळ मूल राहते आणि पटावरचे नाव टिकते. पुरासाठी चार दिवसांत जेवढे फोन होतात, तेवढे दुष्काळात चार महिन्यांतही होत नाहीत. ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्राच्या पंधरा दिवस आधी, आणि पाऊस लगेच मागे असतो. भीमा, मांजरा, कागिणा किंवा कारंजा यांच्या काठी ज्यांची मुले शिकतात त्या पालकांना विनंती आहे. एसडीएमसीची पहिली बैठक त्याच आठवड्यात मागून घ्या. बैठकीत हेडमास्तरांसोबत बसून ओढ्यांची यादी करा, रजिस्टरे वरच्या कप्प्यात गेली का ते डोळ्यांनी पाहा, आणि शाळेची दुसरी किल्ली गावात कोणाजवळ राहील त्याचे नाव इतिवृत्तात लिहून घ्या.